जुना रोल बार: विश्वास कशावर ठेवायचा?



आजचा विषय मी कळवला तेव्हा आयोजकांचा फोन आला. "सर, रोल बार म्हणजे खायचा पदार्थ का?" असं त्यांनी विचारलं नाही, पण आवाजात तेच होतं. जन्मभर तर्कशास्त्र आणि भारतीय दर्शनं शिकवलेल्या माणसाने नट-बोल्टांवर व्याख्यान द्यावं हे विचित्र वाटणारच. पण गेल्या उन्हाळ्यात मी मिशिगनला मुलीकडे होतो, आणि त्या मुक्कामातले बरेचसे शनिवार-रविवार तिच्या गॅरेजमध्ये एका गाडीत जुना रोल बार बसवण्यात गेले. न्यायदर्शनातल्या ज्या गोष्टी मी वर्गात धूर आणि अग्नीच्या उदाहरणाने शिकवत आलो, त्या तिथे एकेक करून पुन्हा भेटल्या. फरक एवढाच, की वर्गात चुकलं तर दोन गुण जायचे. इथे पणाला लागलं होतं मुलीचं डोकं. तेव्हा आज मी रोल बारबद्दलच बोलणार आहे. तत्त्वज्ञान वाटेत आडवं आलं तर येऊ द्या.

आधी गाडीची ओळख. माझदा एमएक्स-५, अमेरिकेत हिला मियाटा म्हणतात. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटारींच्या प्रदर्शनात ही पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोनच सीट, वर कापडी टप, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. पहिल्या पिढीच्या गाड्यांना पुढचे दिवे झाकलेले असतात. लावले की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात. वजन हजार किलोच्या आसपास. २०१६मध्ये या गाडीने दहा लाखांचा आकडा गाठला, यावरून लोकांना ती किती आवडते ते कळेल. माझ्या मुलीची गाडी १९९२ची, म्हणजे मुलीपेक्षा थोडीशीच लहान. त्यामुळे दोघींची भांडणंही बहिणींसारखी चालतात.

टप खाली पाडला की या गाडीत माणसाच्या डोक्यावर आकाश असतं आणि डोक्यामागे काहीच नसतं. ही गाडी उलटली तर जमिनीला काय टेकेल? समोरच्या काचेची चौकट, आणि आत बसलेल्यांची डोकी. अमेरिकेत छताच्या मजबुतीबद्दलचा नियम १९७३पासून लागू आहे, पण उघड्या टपाच्या गाड्यांना त्यातून सूट मिळाली. साहजिकच आहे, ज्याला छतच नाही त्याच्या छताची परीक्षा कशी घेणार? पण कायद्याने सूट दिली म्हणून जमीन काही सूट देत नाही.

यावर उपाय म्हणजे सीटच्या मागे पोलादी नळीची एक कमान उभी करायची. तोच रोल बार. कल्पना जुनी आहे. पोर्शने १९६५मध्ये टार्गा गाडी दाखवली तेव्हा तिच्यात अशी रुंद, कायमची कमान होती आणि ती मिरवायलाही ठेवली होती. आणि ज्या १९८९ साली माझदाने ही साधी गाडी काढली, त्याच साली मर्सिडीझने आपल्या एसएल गाडीत अशी कमान बसवली, की जी एरवी आडवी लपलेली असते आणि गाडी उलटतेय असं जाणवलं की सेकंदाच्या तीन दशांशात उभी राहते. पैसेवाल्यांची कमान वेळेवर उठते, बाकीच्यांना ती आधीच उभी करून ठेवावी लागते!

मुलीला ही कमान हवी होती, कारण तिला ट्रॅकवर जायचं होतं. शर्यतीसाठी नाही. तिकडे क्लब असतात, ते एखादा शर्यतीचा रस्ता दिवसभर भाड्याने घेतात. साधी माणसं आपापल्या गाड्या घेऊन येतात, नवख्यांच्या शेजारी एक प्रशिक्षक बसतो, आणि वळण कसं घ्यायचं, ब्रेक कुठे दाबायचा हे शिकवतो. उघड्या गाडीला बहुतेक आयोजक रोल बारशिवाय आत सोडत नाहीत. नवा बार महाग. जुना निम्म्यात मिळतो. "बाबा, जुनाच घेऊ या का?" असं तिने विचारलं, आणि मी लगेच "का नाही?" म्हणालो. पुढचं सगळं त्या उत्तरातून निघालं.

आता या कमानीची रचना बघा, कारण ती समजल्याशिवाय जुनी वस्तू तपासता येत नाही. मुख्य कमान उलट्या यू-सारखी, गाडीच्या रुंदीभर. तिच्या माथ्याजवळून दोन नळ्या तिरप्या मागे जातात, ते आधार. आणि कमानीच्या आत एक तिरपी नळी, कोपऱ्यातून कोपऱ्यात. ही तिरपी कशाला? आपल्या घरची जुनी खाट आठवा. चारही सांधे शाबूत असतात, पण बसलं की खाट कलते, चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतो. सुतार काय करतो? एक तिरकी पट्टी ठोकतो. चौकोनाच्या बाजूंची लांबी न बदलता त्याचे कोन बदलता येतात. त्रिकोणाचे बदलता येत नाहीत. पोलाद असो की सागवान, भूमिती तीच.

मागच्या आधारांचंही तसंच. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, ही १९४४पासूनची संस्था. तिच्या नियमांत हे आधार कमानीच्या माथ्यापासून सहा इंचांच्या आत जोडलेले असावेत आणि कमानीशी निदान तीस अंशांचा कोन करावेत असं सांगितलंय. कोन फार लहान असेल तर आधार कमानीला जवळजवळ समांतर होतो, आणि मागे पडणाऱ्या माणसाला त्याच्या पाठीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या माणसाचा जेवढा आधार, तेवढाच मिळतो.

नळी का, भरीव सळई का नाही? इथे थोडं गणित सांगतो, मला ते फार आवडलं. या कामात पावणेदोन इंच बाहेरचा व्यास आणि ०.१२० इंच, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर, जाडीची नळी नेहमी वापरतात. त्याच व्यासाच्या भरीव सळईपेक्षा तिच्यात पोलाद फक्त पाव असतं. पण वाकण्याला विरोध करण्याची ताकद जवळजवळ पंचेचाळीस टक्के असते. कारण वाकताना काम करतं ते कडेचं पोलाद, मधलं नुसतं वजन वाढवतं. बांबू पोकळ का असतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

पण याच पोकळपणात फसगतीची जागा आहे. बाहेरून पावणेदोन इंच दिसणारी नळी आतून ०.१२०ची आहे की ०.०६५ची, हे डोळ्यांना कळत नाही. दुसरीची ताकद पहिलीच्या साठ टक्केच. बाजारात 'स्टाइल बार' म्हणून एक प्रकार मिळतो, तो तर केवळ शोभेचा. त्याला कोणी खोटा म्हणू नये, तो शोभेचा म्हणूनच विकतात. पण तीन मालक बदलले की 'शोभेचा' हा शब्द गळून पडतो आणि फक्त 'बार' उरतो.

म्हणून शर्यतीच्या नियमांत एक छान सोय आहे. नळीला, जिथे जोर येत नाही अशा जागी, ३/१६ इंचाचं एक भोक पाडून ठेवायचं. त्यातून मोजमापाचं टोक घालून भिंतीची जाडी प्रत्यक्ष मोजता येते. अनुमानाची गरज नाही, शब्दाची गरज नाही, प्रत्यक्ष! मी ते भोक पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरंच थबकलो. आपण सांगतोय ते खरं की खोटं हे तपासायची जागा वस्तूने स्वतःच उघडी ठेवायची. किती ग्रंथकार आपल्या ग्रंथात असं भोक ठेवतात?

असो. आम्ही दोन बार पाहिले. पहिला अतिशय देखणा. काळाकुळकुळीत, नुकताच पावडर कोटिंग केलेला. विकणारा तरुण बोलका आणि आदबशीर. "कधीच उलटलेली नाही ती गाडी," असं त्याने आपणहून सांगितलं. मुलगी पैसे काढायच्या बेतात होती. मी विचारलं, "गाडी तुझीच होती का?" तर नाही. त्यानेही बार दुसऱ्याकडून घेतलेला, त्या दुसऱ्याने त्याला सांगितलेलं.

न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे, पण कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आणि आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का! वात्स्यायनाच्या भाष्यात आप्ताला दोन अटी आहेत: त्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली असली पाहिजे, आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याची इच्छा असली पाहिजे. या मुलाची दुसरी अट पूर्ण होती. तो प्रामाणिक होता याबद्दल मला आजही शंका नाही. पहिली अट पूर्ण नव्हती. जुन्या वस्तूंच्या बाजारात आपण सगळे माणसाचा प्रामाणिकपणा जोखत बसतो, डोळ्यांत बघतो, बोलणं ऐकतो. पण प्रामाणिक माणूस न पाहिलेली गोष्ट सांगत असला तर त्याच्या डोळ्यांत बघून काय मिळणार?

मग मी टेप मागितला. कमान जमिनीवर आडवी ठेवून तिचे दोन कर्ण मोजले, डाव्या पायाच्या भोकापासून उजव्या वळणापर्यंत आणि उजव्या पायापासून डाव्या वळणापर्यंत. दोन्ही सारखे यायला हवेत. एक दुसऱ्यापेक्षा सात मिलिमीटरने जास्त आला. पुन्हा मोजला. सातच. एका वळणाच्या आतल्या बाजूला हात फिरवला तर रंगाखाली बारीक सुरकुत्या लागल्या. वळण घेताना नळी आत चेपली जाऊ नये, सुरकुतू नये, वळणाची त्रिज्या निदान व्यासाच्या तिप्पट असावी, हा नियम मी तोपर्यंत वाचून ठेवला होता.

आता यावरून ती गाडी उलटली होती असं सिद्ध होतं का? नाही. वेल्डिंग करताना पोलाद ओढलं जातं, त्यानेही फरक पडू शकतो. बनवणाराच अडाणी असू शकतो. पण एकदा पीळ बसलेलं पोलाद ठोकून सरळ केलं तर ते दिसायला सरळ होतं, पूर्वीचं होत नाही. आणि वरून दिलेला जाड रंग वेल्डिंगच्या टाक्यातली भेग झाकतो. वर्कशॉपमध्ये ती शोधायची युक्ती असते: रंग खरवडून लाल द्रव फवारायचा, पुसायचा, मग पांढरी पावडर मारायची, भेग असली तर लाल रेघ उमटते. पण दुसऱ्याच्या विकाऊ वस्तूचा रंग खरवडू कसा देणार? न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. इथे मी तो माझ्या मुलीच्या डोक्याला दिला. आम्ही आभार मानून निघालो. गाडीत मुलगी अर्धा तास बोलली नाही.

दुसरा बार महिन्याने मिळाला. रंग उडालेला, ओरखडे, एका पायाशी तांबूस गंज. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तिथला गंज हा चारित्र्याचा दोष मानत नाहीत, हवामान मानतात. पण वरवरचा गंज की खोल, हे बघावं लागतं. आम्ही तारेच्या ब्रशने घासून पाहिला, वरवरचाच होता. कर्ण सारखे. टाके उघडे, एकसारखे, माशाच्या खवल्यांसारखे. आणि मागच्या आधारावर ते छोटं भोक! विकणारे गृहस्थ वयस्कर, बोलणं अगदी कमी. गाडी नवी असल्यापासून त्यांचीच, बारही त्यांनीच नवा घेऊन बसवलेला, आता गाडी गंजून गेली म्हणून बार काढलेला. म्हणजे आप्तवाक्याच्या दोन्ही अटी पूर्ण. तरी भोकातून जाडी मोजलीच. ते बघत राहिले आणि मग पहिल्यांदा हसले. फक्त एक गोष्ट त्यांच्याकडे नव्हती, खालच्या बॅकिंग प्लेट. त्या हरवल्या होत्या. जुन्या बारच्या बाबतीत हे नेहमीचंच, कारण लोक कमान विकतात आणि गाडीखालचा पत्रा विसरतात.

ही प्लेट फार महत्त्वाची. गाडीचा तळ म्हणजे पातळ पत्रा. पंधरा-वीस किलोची भक्कम कमान त्यावर बोल्टने आवळली आणि गाडी उलटली, तर कमान वाकणार नाही. बोल्ट पत्रा फाडून निघून येतील आणि अख्खी कमान तळातून आरपार जाईल. जाड कोटाचं बटण लावताना शिंपी आतून एक छोटं बटण लावतो ना, धाग्याने कापड फाटू नये म्हणून? तेच काम इथे प्लेट करते. नेहमीचा वॉशर चालत नाही. आम्ही नव्या प्लेट आणि नवे बोल्ट, नट मागवले. जुने बोल्ट फुकट मिळत होते, घेतले नाहीत. एकदा आवळून ताणलेल्या बोल्टची कहाणी त्याच्या अंगावर वाचता येत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. बार घरी आला, मुलगी ड्रिल घेऊन सज्ज झाली. मी म्हटलं, भोक पाडण्याआधी नुसता ठेवून बघू. टप पाडला, सीट काढल्या, मागचं कार्पेट आणि प्लॅस्टिकची झाकणं काढली, दोघांनी मिळून कमान आत उतरवली, सीट परत बसवल्या. मग झाडूच्या दांड्याची परीक्षा. ही खरोखर त्याच नावाने ओळखली जाते. कमानीच्या माथ्यावर एक टोक आणि समोरच्या काचेच्या चौकटीवर दुसरं टोक असा दांडा आडवा ठेवायचा. हेल्मेट घालून बसलेल्या माणसाचं डोकं त्या दांड्याच्या खाली राहिलं पाहिजे. शिवाय एससीसीएच्या नियमांप्रमाणे कमानीचा माथा हेल्मेटच्या निदान दोन इंच वर हवा.

मुलगी पाच फूट दोन इंच. ती बसली, दांड्याखाली भरपूर जागा उरली. टाळ्या. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही शेजारी बसा, फोटो काढू." मी पाच फूट अकरा इंच, वयाने थोडा आखडलो असेन. हेल्मेट घालून बसलो तर दांडा माझ्या हेल्मेटवरच टेकला, चौकटीपर्यंत पोचेचना. म्हणजे गाडी उलटली असती तर कमानीच्या आधी मी जमिनीला लागलो असतो. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाच्या डोक्याचा इतका थेट उपयोग त्याआधी कोणी केलेला नव्हता.

वर्गात मी एक उदाहरण नेहमी द्यायचो. 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती बरोबर. पण उलट, 'जिथे अग्नी तिथे धूर' हे बरोबर नाही. का? तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर व्हायला इंधन ओलं असावं लागतं. ही जी न बोललेली अट, तिला नैयायिक उपाधी म्हणतात. उपाधी लपलेली असते म्हणून अनुमान खरं वाटतं, आणि बहुतेक वेळा खरं निघतंही, कारण आपण जिथे बघतो तिथे इंधन ओलंच असतं. 'जिथे रोल बार तिथे संरक्षण' ही व्याप्ती अगदी अशी सोपाधिक आहे. तिची ओल्या इंधनासारखी अट म्हणजे डोकं रेषेच्या खाली असणं. मुलीच्या बाबतीत ती अट आपोआप पूर्ण होती, म्हणून तिला दिसलीच नाही. माझं डोकं म्हणजे तो लोखंडाचा गोळा. हसा, हसा, घरीही हसले.

पण थांबा, आणखी एक उपाधी आहे आणि ती जास्त वाईट आहे. हेल्मेट. ट्रॅकवर प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट असतं. रस्त्यावर नसतं. रस्त्यावर गाडी उलटण्यापेक्षा मागून कोणीतरी ठोकण्याची शक्यता कितीतरी जास्त. मागून ठोकर बसली की सीटची पाठ मागे वाकते, डोकं मागे जातं, आणि तिथे काय असतं? तीच आपली पोलादी कमान. उंच माणूस सीट मागे सरकवून बसतो, त्याच्या डोक्यात आणि कमानीत चार बोटं अंतर उरतं. म्हणजे जी वस्तू ट्रॅकवर जीव वाचवणार, तीच दूध आणायला जाताना जीव घेऊ शकते. कमानीवर फोमचं आवरण लावतात, पण शर्यतीसाठीच्या फोमवर एसएफआय ४५.१ असा शिक्का असतो आणि तो हेल्मेट घातलेल्या डोक्याचा विचार करून केलेला, चांगलाच कडक असतो. उघड्या कवटीला तो उशी वाटणार नाही.

मुलगी सीट पुढे घेऊन बसते, तिच्या डोक्यामागे हातभर जागा राहते. आमचे जावई सहा फूट. त्यांना त्या गाडीची किल्ली रस्त्यावर चालवायला मिळत नाही. ते मागतात अधूनमधून.

शेजारच्या सीटचं मात्र काहीतरी करणं भाग होतं, कारण तिथे प्रशिक्षक बसणार आणि तो किती उंच निघेल ते आपल्या हातात नाही. मियाटावाल्यांमध्ये यावर एक रूढ उपाय आहे: सीटचं कापड उसवून बुडाखालचा फोम कापून काढायचा. साधारण इंचभर माणूस खाली जातो. मुलीने भाजी चिरायच्या सुरीने ते काम केलं. पुन्हा बसलो, पुन्हा दांडा. अजूनही बसेना. मग तिथे कागदाची चिठ्ठी चिकटवली, तिच्याबद्दल शेवटी सांगतो.

भोकं पाडण्याचं काम आम्ही दोन दिवस लांबवलं, खरं सांगायचं तर भीतीने. या गाडीत पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, त्या पत्र्याच्या पायरीखालीच असते. कार्पेट काढलं की तिच्यावरचं तपासणीचं झाकण समोर दिसतं. म्हणजे ज्या पत्र्यावर ड्रिल धरायचं, त्याच्यापासून टाकी आणि तिच्या नळ्या हाकेच्या अंतरावर. म्हणून आधी बॅटरीची तार सोडवली, जी या गाडीत डिकीत असते. मागची चाकं काढली. कमानीच्या पायांची भोकं पत्र्यावर खुणावली, कमान बाहेर काढली. प्रत्येक खुणेखाली नेमकं काय आहे ते मुलगी खालून टॉर्च धरून सांगायची, मग मी वरून बोटाने वाजवायचो, तिला खाली आवाज कुठे येतो ते बघायचो. दोघांचं एकमत झाल्याशिवाय ड्रिल नाही. पात्यावर टेप गुंडाळून खोलीची मर्यादा बांधली, म्हणजे पत्रा फुटताच हात पुढे घसरू नये. आधी बारीक भोक, मग मोठं, मग त्याहून मोठं. एकदम मोठं पातं लावलं की ते घसरतं आणि भोक लंबगोल होतं.

एका जागी आमचं एकमत झालं नाही. मी म्हणत होतो मोकळी आहे, ती म्हणत होती खाली काहीतरी काळं दिसतंय. मला घाई झाली होती, संध्याकाळ होत आली होती. मी म्हटलं, "सावली असेल." ती खालून म्हणाली, "बाबा, सावलीला क्लिप नसते." ती वायर होती. क्लिप काढून बाजूला बांधली आणि मग भोक पाडलं. अनुपलब्धी, म्हणजे एखादी वस्तू न दिसण्यावरून ती नाही हे ज्ञान, हे वेगळं प्रमाण मानावं की नाही यावर मीमांसक आणि नैयायिक यांच्यात मोठा वाद आहे. मी आयुष्यभर तो शिकवला. पण वस्तू दिसण्याच्या जागी आपण उभे असलो पाहिजे, ही अट दोन्ही पक्षांना मान्य आहे. मी वर उभा होतो. दिसण्याची जागा खाली होती.

भोकांच्या कडा कानशीने साफ केल्या, उघड्या पडलेल्या पोलादाला प्रायमर लावला. हे न केल्यास गंज तिथूनच सुरू होतो, आणि तो प्लेटखाली झाकलेला असल्याने कोणाला दिसत नाही. मग कमान परत उतरवली, सगळे बोल्ट आधी हाताने सैल लावले. एक बाजू पक्की आवळून मग दुसरी ओढून बसवायची चूक करू नये. कमानीला कायमचा पीळ बसतो. सगळे बोल्ट लागल्यावरच टॉर्क रेंचने थोडं-थोडं, आळीपाळीने आवळलं. एक गंमत सांगतो. ही जपानी गाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. पण सीट बेल्टचे बोल्ट मात्र इंची आट्यांचे, ७/१६ इंचाचे. जगभर बेल्टसाठी तेच माप रूढ झालंय. तिथे मिलिमीटरचा जवळचा बोल्ट जोर लावून घुसवला की आटे गेले आणि बेल्टही गेला. बेल्ट परत लावताना आम्ही प्रत्येक बोल्ट ज्याच्या त्याच्या भोकातच घातला. काढतानाच पिशव्यांवर नावं लिहून ठेवली होती.

आणि बेल्टवरून आठवलं. काही हौशी लोक आधी शर्यतीचे चार पट्ट्यांचे घट्ट पट्टे लावतात आणि रोल बार नंतर बघू म्हणतात. हे उलटं आहे. साध्या बेल्टमध्ये माणूस निदान बाजूला झुकू तरी शकतो. चार पट्ट्यांनी ताठ बांधून ठेवलेला माणूस उघड्या गाडीत उलटला तर त्याचं डोकं सगळ्यात उंच जागी पक्कं बांधलेलं असतं.

काही दिवस गाडी चालवल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे असतात. साधारण दोनशे मैलांनंतर रेंच लावला तर दोन बोल्ट थोडे फिरले. रंग दबतो, पत्रा बसतो. दोन. बाकीचे जागच्या जागी. मी वहीत नोंद केली आणि मुलीला सही करायला लावली. तिने केलीही, वैतागून.

ट्रॅकवर मीही गेलो. सकाळी गाड्यांची तपासणी असते. तपासनीस बाईंनी आधी कमानीचे पाय बघितले, मग गाडीखाली वाकून प्लेट बघितल्या, मग मागच्या आधारावरचं ते छोटं भोक बोटाने चाचपलं. मग दांडा काढला. मुलगी बसली, ठीक. "शेजारी कोण?" त्यांनी विचारलं. मुलीने शेजारच्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. त्यावर तिने इंग्रजीत आणि खाली माझ्यासाठी मराठीत लिहिलं होतं: पाच फूट आठ इंचांच्या वरच्या माणसाने ट्रॅकवर इथे बसू नये. बाईंनी यादी बघितली आणि मुलीला एक बुटके प्रशिक्षक दिले. मी दिवसभर कुंपणापलीकडे खुर्ची टाकून बसलो होतो. डब्यात धपाटे होते, ते दुपारी तिघांनी मिळून खाल्ले.

आता प्रश्न असतील तर विचारा. पहिल्या रांगेतले ते गृहस्थ मघापासून हात वर करतायत. हो, तुम्हीच. उंची किती तुमची?